बाळंतिणींच्या वॉर्डातला कूलर

माझा धंदा हवेचा. पांढुर्ण्यात, सौंसरला अन् मधातल्या गावांत जिथं कुठं मोठी इमारत आहे, मंगल कार्यालय असो, सभागृह असो, दवाखाना असो, तिथल्या छतावरचे मोठे कूलर मी बसवतो आणि उन्हाळाभर त्यांच्या मागं पळतो. लोकांना वाटतं यात काय आहे, पाणी सोडलं, पंखा फिरवला, झालं. मग मे महिन्यात लग्नाचा हॉल तापला की तेच लोक फोनवर मला शिव्या घालतात. मीही घालतो. माझं तोंड काही कमी नाही, बायको म्हणते ते खरं आहे.

ज्या दिवसाचं सांगतोय, त्या दिवशी मात्र मी कोणाला शिवी दिली नाही. पाया पडलो होतो. अनोळखी म्हाताऱ्या बायांच्या, एकीमागून एक.

गावातल्या एका खाजगी दवाखान्यात माझी बायको बाळंत झाली होती. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आमच्या. आधी दोनदा पोटातच गेलं होतं. दोन्ही वेळा घरी आल्यावर ती भिंतीकडं तोंड करून झोपली होती, आणि मी बाहेर स्कूटरचं काहीतरी खोलून बसलो होतो, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं. आता तिसऱ्या खेपेला मुलगी झाली. वजनानं कमी, पण जिवंत. रडली तेव्हा दाराबाहेर मीही रडलो, आणि सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही तरी नका रडू, इथं आधीच गोंधळ आहे."

बायकोला माय नाही. म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते आमच्याकडंच झालं, आणि तिच्या उशाशी बसायला माझी माय गेली. वॉर्डात पुरुषाला मनाई. दाराबाहेर एक बाक होता, त्यावर आम्ही बाप लोक बसायचो. माय दिवसातून एकदा पोरीला दारापर्यंत आणायची. दुपट्यात, त्यावर गोधडीत, कानाला फडकं बांधलेलं. मला नुसतं नाक दिसायचं. मे महिना, बाहेर डांबर वितळून राहिलं होतं, आणि माझी पोरगी गोधडीत. पण मला त्या वेळी ते काही वेगळं वाटलं नाही. आमच्याकडं बाळंतिणीला आणि बाळाला असंच ठेवतात. वारं लागू द्यायचं नाही, बस. बाईचे कान बांधतात, खिडक्या लावतात, ऋतू कोणता का असेना.

आणि हो, त्या दवाखान्याचा कूलर माझाच. मीच बसवलेला. छतावर खोलीएवढा लोखंडी डबा, त्याच्या तीन बाजूंना पॅड, पॅडवरून पाणी उतरतं. आतला ब्लोअर बाहेरची कोरडी हवा त्या ओल्या पॅडमधून ओढतो. हवा थंड होते आणि पत्र्याच्या डक्टमधून खाली वॉर्डात जाते. प्रत्येक पलंगाच्या उशाशी एक जाळी. दुसरे मिस्त्री जाळी वर छताजवळ बसवतात. मी मुद्दाम खाली, खांद्याच्या उंचीला बसवल्या. म्हटलं, बाई पलंगावर पडलेली असते, हवा तिथं पाहिजे. डॉक्टरीणबाईंनी शाबासकी दिली होती. माझी एकच अट होती, खिडक्या उघड्या ठेवा. हा एसी नाही. ओली हवा बाहेर निघाली तरच नवी आत येते, नाही तर माणूस उबून जातो.

त्या दिवशी सकाळी बाकावर चहा पीत बसलो होतो, तर माय दाराशी आली. हातात पोरगी नव्हती.

"बापू, पोरगी तापली रे."

"किती?"

"हात ठेववत नाही."

डॉक्टरीणबाई आत गेल्या, बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि सरळ सांगितलं. बाळ कमी वजनाचं आहे, अंगातलं पाणी कमी झालं आहे. वॉर्डाची भट्टी झाली आहे, ताप त्यानंच आला असेल तर खोली थंड झाल्यावर आणि दूध पोटात गेल्यावर उतरेल. संध्याकाळच्या राउंडपर्यंत उतरला नाही, तर दुसरं काहीतरी आहे असं समजून नागपूरला हलवावं लागेल.

"या उन्हात, मॅडम?"

"या उन्हात. मलाही ते नको आहे. रस्त्यातच तिला जास्त त्रास होईल." मग त्यांनी वर छताकडं पाहिलं. "कूलर तुमचाच आहे ना?"

दवाखान्यात एसी एकच, ऑपरेशनच्या खोलीत, आणि तिथं त्या दिवशी एकीमागून एक बाई जाऊन राहिली होती. म्हणजे जे काही करायचं ते माझ्या कूलरनंच. तेवढ्यात सिस्टरही बोलल्या, "भाऊ, कालपासून तुमचा कूलर काही हवा देऊन नाही राहिला. बाया घामानं भिजून गेल्या."

कालपासून! आणि मला कोणी सांगितलं नाही. दुनियेचे कूलर मी दुरुस्त करत फिरतो आणि माझी पोरगी ज्या खोलीत आहे तिथंच हवा नाही. डोकं फिरलं माझं. पाने-पकडीची पिशवी घेऊन मी छतावर पळालो.

वर पत्र्याला हात लावला की चटका. पॅडचं दार उघडलं. आमच्याकडं बोअरचं पाणी खारं, पॅडवर पांढरी खपली धरते, वाटलं तीच असेल. पण पॅड साफ. पंप चालू, पाणी बरोबर उतरून राहिलं होतं. टाकी भरलेली. मी डब्यात डोकं घातलं तर आत हिवाळा. आणि खाली माझी पोरगी भाजून राहिली होती. मला काही समजेना. मोटरला कान लावला. ती हलकी चालत होती, तिच्यावर काही भारच नसल्यागत. ब्लोअर आणि डक्टच्या मधात कॅनव्हासची पट्टी असते, मशीनची थरथर खाली जाऊ नये म्हणून. ती पट्टी टम्म फुगलेली होती. ती पाहून मी कपाळाला हात लावायला पाहिजे होता. पण त्या वेळी माझं डोकं ठिकाणावर कुठं होतं? मी पाहिला तो बेल्ट. घासून गुळगुळीत झाला होता. म्हटलं, सापडलं! बेल्ट सटकून राहिला, ब्लोअर हळू फिरून राहिला, म्हणून खाली हवा नाही.

खाली येऊन दारातून मायला आवाज दिला.

"माय, हवा येते का गं थोडी तरी?"

"नाही रे बापू," ती आतूनच म्हणाली, "बिलकुल नाही. तू फिकर नको करू. जराही वारं लागत नाही तिले. मी हाव ना इथं."

मला वाटलं, म्हातारी माझी समजूत घालून राहिली.

त्या मापाचा बेल्ट पांढुर्ण्यात कोणाकडं नव्हता. सौंसरच्या एका दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला आहे, या. डोक्याला शेला गुंडाळला आणि गाडीला किक मारली. दुपारची वेळ, रस्त्यावर काळं कुत्रं नाही. दोन्ही बाजूंनी संत्र्याचे बगीचे, झाडं मान टाकून उभी. हवा अशी की तोंड उघडलं तर जीभ वाळावी. अशाच रस्त्यानं, याच हवेत तिला नागपूरला न्यायचं? मी मोठ्यानं नाही, नाही म्हणत गाडी चालवत होतो. देवाला मी फारसा मानत नाही. त्या दिवशी रस्त्यात जे जे देऊळ दिसलं, त्या प्रत्येकाला हात जोडले. दोन घेतली तेव्हा मी काही म्हटलं नाही, ही राहू दे, एवढंच म्हणत होतो.

सौंसरला दुकानदारानं पाणी दिलं, प्यायलो नाही. बेल्ट घेतला, पिशवीत टाकला, तोच बायकोचा फोन.

"कुठं आहात तुम्ही?"

"सौंसरला. बेल्ट घ्यायला आलो. निघालोच."

"ती दूध ओढून नाही राहिली," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. "नुसती पडून आहे. रडतबी नाही आता."

मी काय बोललो ते आठवत नाही. परत कसा आलो तेही नीट आठवत नाही. एका वळणावर बस अंगावर आली होती, ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "मरायचं आहे का बे?" एवढं लक्षात आहे.

छतावर पोहोचलो. बेल्ट चढवला, ताण दिला, मोटर सुरू केली. ब्लोअर असा फिरला की डबा हादरला. मनात म्हटलं, चला, आता जाते हवा. आणि फाडदिशी आवाज झाला. कॅनव्हासची पट्टी शिवणीवर फाटली आणि थंड हवेचा लोट माझ्या तोंडावर आला.

थंड हवा माझ्या छातीवर येऊन राहिली होती आणि मला घाम फुटला होता. हवा होती. गंज हवा होती, पाहिजे तेवढी. सकाळपासून होती. तिला खाली जायला जागाच नव्हती. मोटर हलकी का, कॅनव्हास फुगलेला का, सगळं एकदम उलगडलं. खाली कोणीतरी जाळ्या बंद केल्या होत्या. आणि मायचा आवाज कानात आला, जराही वारं लागत नाही तिले, मी हाव ना इथं.

फाटलेल्या जागी एक रिकामी बोरी, म्हणजे पोतं, गुंडाळली, तारेनं आवळली आणि जिन्यानं खाली धावलो. वॉर्डाच्या दारात सिस्टर आडव्या आल्या. "भाऊ, आत बाया आहेत!" मी म्हटलं, "बाया नाही पाहायच्या मला, जाळ्या पाहायच्या आहेत." आणि घुसलो.

आत पाय टाकताच गुदमरलो. ओवा, बाळंतशेपा, दूध, घाम, सगळ्यांचा मिळून वास. खिडक्या लावलेल्या, सिस्टरनी उघडल्या की म्हाताऱ्या पुन्हा लावायच्या, काचांना वर्तमानपत्रं चिकटवलेली. जिकडं पाहावं तिकडं दुपटी आणि लंगोट वाळत घातलेले. पलंगाच्या दांड्यावर, खिळ्यावर, दोरीवर, आणि प्रत्येक जाळीवर. डॉक्टर, सिस्टर रोज ये-जा करत होत्या, पण त्यांची नजर बाळावर, आणि दुपटी तर सगळीकडंच. जाळीतली दुपटी वाळत घातलेली नव्हती. गच्च कोंबलेली होती. कोणी परकराचा तुकडा, कोणी गोधडीचा कोपरा. एकीनं बुजवली की तिची हवा शेजारणीच्या जाळीतून जोरात येणार, मग तिनंही बुजवायची, अशी शेवटची काल बुजली असणार. आमच्या पलंगाच्या जाळीत मायच्या हिरव्या लुगड्याचा बोळा होता. मी मोठ्या शहाणपणानं जाळ्या खांद्याच्या उंचीला बसवल्या होत्या ना, हात बरोबर पोहोचत होता सगळ्यांचा.

मी त्या बोळ्याला हात घातला. मायनं माझं मनगट धरलं. तिच्या हातात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

"हात नको लावू! ओली बाळंतीण आहे. वारं लागंल."

"माय, सोड."

"नाही सोडत."

"अवो माय, तू मारून राहिली तिले!"

मायनं माझं मनगट सोडलं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि जमिनीकडं पाहत बोलायला लागली. मला सांगून राहिली होती की स्वतःशी, कोण जाणे.

"तुह्या आधी एक होती मले. पोरगीच. पुसाचा महिना होता, थंडी मायंदाळ. कुडाच्या भितीले भोक होतं, इथं, उशाशी. तुही आजी म्हणे, बुजव ते. मी म्हटलं, उद्या बुजवीन, आज आंग दुखून राह्यलं. सकाळी पाह्यलं तं पोरगी गार."

मला हे कधीच माहीत नव्हतं. एवढा घोडा झालो, मायनं एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

मग तिनं मान वर केली. "तवा बुजवलं नाही म्हणून थे गेली. आता बुजवलं म्हणून हे जाऊन राह्यली म्हणतं तू. मंग बाईनं करावं तं करावं काय रे?"

काय सांगणार होतो मी तिला? ब्लोअर कसा चालतो ते? पलंगावरून बायको बोलली. तिनं कानाचं फडकं ओढून काढलं होतं, केस घामानं कपाळाला चिकटले होते.

"काढा तो बोळा. आई, काढू द्या त्यांना."

मी बोळा ओढला आणि नवीनच आफत झाली. सगळ्या डक्टची कोंडलेली हवा त्या एकट्या जाळीतून सुसाटत आली. चादर उडाली, वाळत घातलेली दुपटी उडाली, पोरगी दचकली आणि तिनं हातपाय ताणले. बायकोनं तिला छातीशी दाबून पाठ फिरवली. "पाह्य! पाह्य!" चारी बाजूंनी म्हाताऱ्या ओरडल्या. "मारतं का पोट्टीले? लाव ते, लाव!"

बाकीच्या जाळ्या उघडल्या तर ही हवा वाटली जाणार होती, मंद होणार होती. पण त्यांच्या नाती, त्यांचे नातू. का उघडतील त्या? मी पहिल्या पलंगाकडं गेलो. "मावशी, काढा ना बोळा." त्यांनी नातवाला पदराखाली घेतलं आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या पलंगाकडं गेलो, वाकून पायाला हात लावला. "आजी, पाया पडतो तुमच्या. माझी पोरगी जाऊन राहिली." आजी रडायला लागल्या, पण मान नाहीच हलवली. "आमचा कालच झाला रे बाबू," म्हणाल्या. तिसरीचे पाय धरले. तिनं पाय ओढून घेतले. सिस्टर समजावून राहिल्या होत्या, त्यांचंही कोणी ऐकेना. मी वॉर्डाच्या मधोमध उभा, हात जोडलेले. आता काय करावं ते मला खरोखर समजत नव्हतं.

तेव्हा माय उठली. आमच्या पलंगाच्या उशाशी गेली, जाळीला पाठ लावून उभी राहिली, आणि तो सगळा झोत तिनं पाठीवर घेतला. पदर उडून पुढं आला, पांढरे केस तोंडावर आले.

"लागू द्या मले," ती म्हणाली. "लागाचं ते मले लागंल. पोरीले नाही लागत आता. पाहा."

खरंच नव्हतं लागत. तिच्या दोन्ही बाजूंनी हवा हळूहळू पलंगावर येऊन राहिली होती. बायकोनं पोरीची गोधडी सोडली. दुपटंही सोडलं. मी तेव्हा तिचे पाय पहिल्यांदा पाहिले. लाल, बारीक.

वॉर्डातल्या सगळ्या बाया मायकडं पाहत होत्या. ती थरथरायला लागली होती, दात वाजायला लागले होते, पण हलली नाही. थोड्या वेळानं दुसऱ्या पलंगावरच्या आजी उठल्या, डोळे पुसले आणि आपल्या जाळीतला बोळा ओढून काढला. मायच्या पाठीवरचा झोत थोडा कमी झाला. मग पलीकडच्या बाईनं काढला. मग कोपऱ्यातलीनं. एकेक बोळा निघाला तसे मायचे उडणारे केस खाली बसत गेले. ज्या मावशीनं तोंड फिरवलं होतं, तिनं सगळ्यात शेवटी काढला आणि मला दटावून म्हणाली, "काही झालं तं पाह्यजो मंग!" मी खिडक्यांवरची वर्तमानपत्रं फाडली, पल्ले उघडले. कोंडलेली ओली हवा बाहेर पडली आणि वॉर्डभर, प्रत्येक पलंगावर, मंद थंड हवा फिरायला लागली.

पुढचे तास कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. सिस्टरनी मला बाहेर काढलं नाही. बायको पोरीच्या ओठांवर दुधाचे थेंब टाकत होती, ते गालावरून ओघळत होते. पुन्हा टाकत होती. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि नागपूरच्या रस्त्याचा विचार मनातून काढायचा प्रयत्न करत होतो, तो निघत नव्हता. ऊन खिडकीतून खाली उतरलं तेव्हा पोरीनं तोंड हलवलं. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा धरलं, आणि ओढलं. बायकोनं माझ्याकडं पाहून मान हलवली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

संध्याकाळच्या राउंडला डॉक्टरीणबाईंनी थर्मामीटर लावलं, पाहिलं, पुन्हा लावलं. "उतरतोय," म्हणाल्या. "नागपूर नको. रात्रभर लक्ष ठेवू आपण." मग त्यांनी उघड्या जाळ्या पाहिल्या, जमिनीवर पडलेले बोळे पाहिले, आणि पुढच्या पलंगाकडं गेल्या.

माय अजून तिथंच उभी होती. आता झोत नव्हता, सगळ्यांना लागते तेवढीच हवा होती तिच्या पाठीला. लुगडं गार पडलं होतं. एक हात मागं करून तिनं जाळी चाचपून धरलेली होती.

"माय, ताप उतरला," मी म्हटलं. "बस आता खाली."

ती पलंगावरच्या लाल पायांकडं पाहत होती.

"बारसंबी झालं नव्हतं रे माह्या त्या पोरीचं," ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी गेलो आणि जाळीला पाठ लावून उभा राहिलो.